आठ मिनिटांची रेघ

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पहिल्या काही तासांतच एक वाक्य कानावर पडतं आणि मग ते सिनॉप्सिसपासून शेवटच्या प्रकरणापर्यंत आपली साथ सोडत नाही: 'सदर अभ्यासासाठी प्रमाणित साधनाचा वापर केला आहे.' गाइड खूश, समिती खूश, आपणही खूश. प्रमाणित म्हटल्यावर पुढे विचारायचं काय?

बरंच काही विचारायचं असतं. त्यासाठी आज एक अगदी नामांकित चाचणी घेते. जगभरच्या स्लीप लॅबमध्ये ती वापरतात, तिची नियमावली आहे, तिच्यावर शेकडो पेपर आहेत. आणि ती मोजते काय, तर शाळकरी पोराला वाटेल की हे मीही मोजेन: माणसाला झोप लागायला किती मिनिटं लागतात.

नाव आहे मल्टिपल स्लीप लेटन्सी टेस्ट, थोडक्यात एमएसएलटी. आदल्या रात्री तुम्हाला लॅबमध्येच झोपवतात. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला तारा चिकटवलेल्या असतात. रात्रीची झोप निदान सहा तास झाली पाहिजे. सकाळी उठल्यावर दीड ते तीन तासांनी तुम्हाला पुन्हा अंधाऱ्या, शांत खोलीत आडवं करतात आणि सांगतात की डोळे मिटा, झोपायचा प्रयत्न करा. वीस मिनिटांची मुदत. झोप लागली तर पुढे पंधरा मिनिटं बघतात की स्वप्नांची म्हणून ओळखली जाणारी आरईएम झोप येते का. मग उठवतात. दोन तासांनी पुन्हा तेच. असं दिवसातून पाच वेळा. मधल्या वेळेत झोपायचं नाही, कॉफी नाही. पाच वेळांची सरासरी काढायची. ती आठ मिनिटं किंवा कमी असेल, आणि निदान दोन वेळा झोप लागल्या लागल्या आरईएम आली असेल (आदल्या रात्री तशी आली असेल तर तीही हल्ली मोजतात), तर नार्कोलेप्सीच्या निदानाकडे बोट जातं. नार्कोलेप्सी म्हणजे दिवसा आवरता न येणारी झोप येण्याचा मेंदूचा विकार.

म्हणजे या आठ मिनिटांच्या रेघेवर कुणाचं तरी निदान ठरतं, वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळ्या ठरतात, 'आळशी आहेस' ऐकत मोठ्या झालेल्या एखाद्या मुलीला आपल्याला आजार आहे हे कळतं किंवा कळत नाही. म्हणून ही रेघ कुठून आली ते बघणं हा नुसता बौद्धिक व्यायाम नाही.

आधी चाचणीच्या बाजूने बोलते, कारण टीका म्हणजे खोड काढणं नव्हे. सत्तरच्या दशकात स्टॅनफर्डमध्ये विल्यम डिमेंट झोपेवर काम करत होते आणि मेरी कार्स्केडन तिथे संशोधक विद्यार्थिनी होती. तिची पीएचडी १९७९ची. (आपल्यासारखीच एक, हे लक्षात ठेवा. पुढे अख्ख्या जगाने वापरलेली चाचणी डॉक्टरेट हातात पडायच्या आधी आकाराला आली होती.) त्या काळी झोपाळूपणा मोजायचा म्हणजे माणसाला विचारायचं. १९७३मध्ये स्टॅनफर्डचीच एक मोजपट्टी आली होती, एक ते सात आकड्यांची, 'आत्ता किती जागे आहात' अशा थाटाची. पण थकलेला माणूस स्वतःच्या थकव्याचा फार वाईट साक्षीदार असतो. रात्रभर जागलेला विद्यार्थी 'मी ठीक आहे' म्हणतो आणि पुढच्या मिनिटाला बाकावर डोकं टेकतो, हे कोणत्याही हॉस्टेलात बघायला मिळतं.

कार्स्केडन आणि डिमेंट यांनी १९७५मध्ये एक विचित्र प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात दिवसच नव्वद मिनिटांचा केला होता, साठ मिनिटं जागं राहायचं आणि तीस मिनिटं झोपायची संधी. त्यातून आणि पुढच्या कामातून १९७७च्या सुमारास ही साधी युक्ती पुढे आली: भूक किती लागली आहे हे विचारू नका, ताट समोर ठेवा आणि पहिला घास किती लवकर उचलला जातो ते बघा. झोपेची संधी द्या आणि घड्याळ लावा. जितकी लवकर झोप लागेल तितका माणूस झोपेचा भुकेला. झोपेविना ठेवलेल्या निरोगी माणसांत ही वेळ झपाट्याने घसरते, हे त्यांनी दाखवलं. या प्रश्नासाठी ही चाचणी उत्तम होती, आणि आहे. एकाच माणसाला आज पुरेशी झोप देऊन मोजा, उद्या जागवून मोजा. फरक ढळढळीत दिसतो.

माझा आक्षेप इथून पुढे सुरू होतो. 'त्याच माणसात फरक पडला का' यासाठी घडवलेलं साधन हळूहळू 'हा माणूस कोणत्या खोक्यात बसतो' या प्रश्नासाठी वापरलं जाऊ लागलं. पहिला प्रश्न तराजूचा आहे, दुसरा कोर्टाचा. तराजू उचलून न्यायाधीशाच्या खुर्चीत ठेवला तर तराजूचा दोष नाही, पण निकाल कसा लागतो ते तपासलं पाहिजे.

तपासायला सुरुवात घड्याळ थांबवण्याच्या क्षणापासून करू. झोप 'लागली' हे कोण सांगतं? नियम असा की मेंदूलहरींची नोंद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत बघायची, आणि ज्या तुकड्यात अर्ध्याहून जास्त वेळ झोपेची लक्षणं असतील तो पहिला तुकडा म्हणजे झोपेची सुरुवात. तीसच सेकंद का? मेंदूला तीस सेकंदांचं काही विशेष नाही. जुन्या यंत्रांतून कागद सेकंदाला दहा मिलिमीटर वेगाने सरकायचा आणि पान तीस सेंटिमीटर रुंद असायचं. एका पानावर तीस सेकंद मावायचे. १९६८च्या रेक्टशाफेन आणि केल्स यांच्या नियमपुस्तिकेने ही पानाची सवय पक्की केली. कागद गेला, यंत्रं गेली, स्क्रीन आले. पान मात्र राहिलं. तुमच्या विषयातही अशी कागदाच्या मापाची एककं असतील, शोधून बघा. मजा येते.

खरी अडचण पुढे आहे. जागेपणातून झोपेत जाताना पहिली येते ती सर्वांत हलकी पायरी, एन१. डोळे मिटून शांत पडल्यावर मेंदूत जी अल्फा लय दिसते ती विरायला लागली की एन१ सुरू झाली म्हणायचं. पण साधारण दहा टक्के माणसांत डोळे मिटल्यावर अल्फा लय उमटतच नाही. त्यांच्यासाठी वेगळी लक्षणं शोधावी लागतात, डोळ्यांची संथ हालचाल वगैरे. आणि तारा बघून पायऱ्या ठरवणारे तज्ज्ञ तरी एकमेकांशी सहमत असतात का? २०१३मध्ये रोझेनबर्ग आणि व्हॅन हाउट यांनी अडीच हजारांहून जास्त स्कोअररांची मतं ताडून बघितली. एकूण सहमती ८२.६ टक्के निघाली, ती बरी म्हणायची. पण एन१च्या बाबतीत सहमती ६३ टक्के, सगळ्या पायऱ्यांत तळाची. आता जोडून बघा. अख्ख्या रात्रीची झोप मोजताना एन१ चुकली तर फारसं बिघडत नाही, तिचा वाटा थोडा असतो. एमएसएलटीत मात्र सगळा निकाल नेमका याच पायरीच्या उंबरठ्यावर टांगलेला आहे. ज्या जागी तज्ज्ञांचं सर्वांत कमी जमतं, तिथेच आपण घड्याळ थांबवतो.

शिवाय झोप हा उंबरठा आहे का, हाच प्रश्न आहे. ओगिल्वी आणि विल्किन्सन यांनी १९८४मध्ये झोपू पाहणाऱ्यांना मंद आवाज ऐकवून बटण दाबायला सांगितलं. ईईजी म्हणते पहिली पायरी लागली, आणि माणूस अजून अधूनमधून बटण दाबतो आहे. जपानच्या तादाओ होरी यांच्या गटाने १९९४मध्ये या संक्रमणाचे नऊ टप्पे पाडले. नऊ! आपल्याला यात नवल वाटू नये. पेंग येते, झापड येते, डोळा लागतो, डुलकी लागते, मग गाढ झोप. मराठीने या उताराला इतके शब्द दिलेत ते उगाच नाही. घड्याळाला मात्र एकच क्षण हवा असतो.

आता या घड्याळातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट. वीस मिनिटं झाली आणि झोप लागलीच नाही, तर वहीत काय लिहायचं? वीस. लागली नाही असं नाही, 'वीसहून जास्त' असंही नाही, सरळ २०. मग ती वीस इतरांबरोबर बेरजेत जाते.

स्टॅटिस्टिक्सच्या तासाला सेन्सॉर्ड डेटा शिकवतात तेव्हा वर्गातले अर्धे डोळे मिटलेले असतात, म्हणून उदाहरण देते. हे आकडे मी समजावण्यासाठी रचलेले आहेत. एका व्यक्तीच्या पाच वेळा अशा: ६, ९, २०, २०, ५. बेरीज ६०, सरासरी १२. दुसऱ्या व्यक्तीच्या: १२, १२, १२, १२, १२. सरासरी तीच, १२. पहिल्या व्यक्तीला त्या दोन वेळा खोलीत तसंच पडू दिलं असतं आणि समजा ३५व्या आणि ५०व्या मिनिटाला झोप लागली असती, तर सरासरी २१ आली असती. म्हणजे १२ हा आकडा त्या व्यक्तीचा नाहीच, तो अर्धा आपल्या मुदतीचा आहे. अशा डेटासाठी सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस आहे, काप्लान-मायर आहे, गेला बाजार मध्यक तरी आहे. 'वीस मिनिटांपर्यंत झोप लागली नाही' ही माहिती फेकायचीही नसते आणि खोटी भरायचीही नसते. तरीही निदानाचा नियम सरासरीवर उभा आहे, आणि बरेचसे पेपरही सरासरी आणि प्रमाण विचलन छापून मोकळे होतात.

सरासरीचं आणखी एक. एका व्यक्तीच्या वेळा ४, ५, ५, ७, २०. सरासरी ८.२, रेघेच्या बाहेर. आता तिसऱ्या वेळेला दुसऱ्या स्कोअररने झोप दोन तुकडे आधी, म्हणजे फक्त एक मिनिट आधी लागल्याचं ठरवलं. ४, ५, ४, ७, २०. सरासरी ८.०, रेघेच्या आत. तीच व्यक्ती, तोच दिवस, त्याच तारा.

पण आठच का? सुरुवातीला रूढ झालेली वाटणी वेगळी होती. पाच मिनिटांच्या आत म्हणजे गंभीर, दहाच्या वर म्हणजे ठीक, मधला पट्टा धूसर. ती वाटणी मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण तिने धुक्याला धुकं म्हटलं होतं. २००५च्या आढाव्यात तोवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा नार्कोलेप्सीच्या रुग्णांची सरासरी ३.१ मिनिटं (प्रमाण विचलन २.९) आणि पाच डुलक्यांच्या चाचणीत निरोगी माणसांची ११.६ मिनिटं (प्रमाण विचलन ५.२) आली. आठ मिनिटांची रेघ यांच्या मध्ये पडते, आणि बहुतेक रुग्ण तिच्या आत येतात. इथवर ठीक.

आता हेच चार आकडे घेऊन जरा बसा. कोणताही पेपर वाचताना हा पाच मिनिटांचा उद्योग करायची सवय लावा. ३.१मधून २.९ची दुप्पट वजा करा: उणे २.७ मिनिटं. म्हणजे काही रुग्णांना दिवा बंद करायच्या पावणेतीन मिनिटं आधी झोप लागते? तसं काही नसतं. याचा अर्थ आकडे घंटेच्या आकारात पसरलेले नाहीत, एका बाजूला लोळलेले आहेत. निरोगी माणसांकडे या. ११.६मध्ये ५.२ची दुप्पट मिळवा: २२. चाचणी तर वीसला संपते. म्हणजे वर छत आहे आणि काही आकडे छताला चिकटलेले आहेत. आणि तरीही घंटेचा आकार धरून हिशेब केलाच, तर आठ मिनिटं निरोगी सरासरीच्या फक्त ०.७ विचलन खाली येतात. ढोबळ मानाने निरोगी माणसांतला चौथा हिस्सा रेघेच्या आत! ही माणसं आजारी नाहीत. त्यातली बरीचशी आपल्यासारखी, आठवडाभर कमी झोपलेली असणार.

तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर आरईएमची दुसरी अट आहे. बरोबर. ती अट बरीच गाळणी करते, पण किती? २००६मध्ये मिन्यो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या ५५६ सामान्य लोकांच्या चाचण्या तपासल्या. दोन किंवा अधिक वेळा लगेच आरईएम आलेले पुरुष १३.१ टक्के, स्त्रिया ५.६ टक्के. नार्कोलेप्सी हा विरळा आजार आहे, त्याचं प्रमाण या टक्केवारीच्या जवळपासही नाही. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या पुरुषांत हे जास्त दिसलं. याचा अर्थ उघड आहे: चाचणी आजार आणि नाइट ड्युटी यांच्यात नेहमी फरक करू शकत नाही. नियमावलीत म्हणूनच आधी एक-दोन आठवड्यांची झोपेची डायरी ठेवायला सांगितलेलं असतं. डायरी ठेवायला वेळ लागतो, मशीनचा आकडा लगेच मिळतो. घाईत कोणतं वगळलं जाईल, हे सांगायला नको.

आणि पुन्हा मोजलं तर तेच उत्तर येतं का? विश्वसनीयतेचा हा पहिला धडा. ट्रॉटी, स्टाब आणि राय यांनी २०१३मध्ये ३६ रुग्णांच्या दोन-दोन चाचण्या ताडल्या; दोन्हींत सरासरी चार वर्षांचं अंतर. यात फक्त असे रुग्ण होते ज्यांना भावनावेगात अंग लुळं पडण्याचं लक्षण नव्हतं, म्हणजे ज्यांचं निदान प्रामुख्याने याच चाचणीवर अवलंबून असतं. ५३ टक्क्यांचं निदान दुसऱ्या वेळी बदललं. नाणं उडवल्यासारखंच झालं. मध्ये चार वर्षं गेली, आजारही बदलू शकतो, हे मान्य. तरी निम्म्याहून जास्त? ते लुळं पडण्याचं लक्षण असलेल्या प्रकारात, जिथे मेंदूतलं हायपोक्रेटिन नावाचं रसायन घटलेलं असतं, चाचणी पुष्कळ स्थिर निघते. म्हणजे जिथे बाकीचा पुरावा भक्कम आहे तिथे चाचणीही भक्कम, आणि जिथे फक्त तिच्यावर विसंबायचं तिथे ती डगमगते. प्रमाणित साधनाबद्दल याहून महत्त्वाची गोष्ट कोणती असेल? आणि 'वैधता सिद्ध झालेली आहे' या चार शब्दांत ती कुठेच दिसत नाही. कुणात सिद्ध, कशासाठी सिद्ध, हे विचारल्याशिवाय त्या चार शब्दांना अर्थ नाही.

एक छोटा फाटा. रुग्णाला 'झोपायचा प्रयत्न करा' ऐवजी 'जागं राहायचा प्रयत्न करा' म्हटलं तर? तशीही चाचणी आहे, मेंटेनन्स ऑफ वेकफुलनेस टेस्ट, १९८२ची. मंद उजेडात टेकून बसवतात, चाळीस मिनिटांची मुदत, चार वेळा. दोन्हींत तारा त्याच, मोजतात तेच, झोप लागेपर्यंतची मिनिटं. पण त्याच रुग्णांवर दोन्ही चाचण्या केल्या तर आकड्यांचा एकमेकांशी मेळ जेमतेम मध्यम निघतो. लवकर झोपू शकणारा माणूस जागा राहू शकत नाहीच असं नाही. गाडी चालवणाऱ्याला काय लागतं? दुसरी क्षमता. सूचनेतला एक शब्द बदलला की मोजली जाणारी गोष्टच बदलते. शिवाय प्रयत्न हा स्वतःच एक चल आहे. १९९६मध्ये अँसफील्ड, वेग्नर आणि बाउझर यांनी काही जणांना लष्करी बँडचं संगीत लावून 'शक्य तितक्या लवकर झोपा' असं फर्मावलं. घाई न करणाऱ्यांपेक्षा त्यांना झोप लागायला उशीर झाला. परीक्षेच्या आदल्या रात्री हा प्रयोग आपण सगळ्यांनी विनामूल्य केलेला आहे.

इथे कुणीतरी म्हणेल, आम्हाला कुठली स्लीप लॅब मिळायची, आम्ही प्रश्नावली वापरणार. बहुतेक जण तेच करतात, त्यात कमीपणा नाही. पण प्रश्नावली वेगळीच गोष्ट मोजते, हे माहीत असू द्या. १९७६मध्ये कार्स्केडन आणि सहकाऱ्यांनी निद्रानाशाची तक्रार असलेल्या १२२ लोकांनी सांगितलेली वेळ आणि लॅबमध्ये नोंदलेली वेळ शेजारी शेजारी ठेवली. सरासरी बघता लोक झोप लागायचा वेळ जास्त सांगतात आणि एकूण झोप कमी सांगतात. यावरून 'रुग्ण अतिशयोक्ती करतात' असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तो घाईचा वाटतो. ज्या ईईजीच्या पहिल्या पायरीवर माणूस अजून बटण दाबू शकतो, त्या पायरीवर तो 'मी जागाच होतो' म्हणत असेल तर खोटं कोण बोलतंय? औषधांच्या बाबतीत हा फरक नुसता तात्त्विक राहत नाही. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्यांच्या १३ चाचण्यांचा आढावा २०१२मध्ये बीएमजेत आला होता, अमेरिकेच्या औषध नियामकाकडच्या कागदांवरून केलेला. यंत्राने मोजलेला झोप लागण्याचा वेळ प्लासिबोच्या तुलनेत २२ मिनिटांनी घटला. प्रमाणित मापात हा परिणाम ०.५७ होता, लोकांनी स्वतः सांगितलेल्या वेळेवरचा परिणाम मात्र ०.३३. गोळी घेणाऱ्याला फायदा कमी जाणवतो, यंत्राला जास्त. जाहिरात कोणत्या आकड्याची होईल, तुम्हीच सांगा.

घड्याळं आणि बँड यांच्याबद्दल फार लिहीत नाही. मनगटावरचं यंत्र मुख्यतः हालचाल बघतं, काही नाडीही बघतात. निश्चल पडून छताकडे बघणारा माणूस त्यांना सहज झोपलेला वाटतो, आणि झोप लागण्याआधीचा वेळ म्हणजे नेमकं तेच निश्चल पडून राहणं. झोपेच्या एकूण तासांसाठी वापरा, लेटन्सीसाठी मुळीच नको.

प्रश्नावलीकडे परत येते, कारण मराठीत काम करणाऱ्याची खरी परीक्षा तिथे आहे. सर्वांत जास्त वापरली जाते ती पिट्सबर्गची निर्देशांक प्रश्नावली, १९८९ची. तिचा पहिला प्रश्न रात्री अंथरुणावर साधारण किती वाजता जाता हा, आणि दुसरा झोप लागायला किती मिनिटं लागतात हा. इंग्रजीत दोन्ही प्रश्न वेगळे राहतात. मराठीत पहिल्याचं भाषांतर कुणी 'रात्री किती वाजता झोपता?' असं केलं, की संपलं. आपलं 'झोपणं' दुहेरी आहे. 'आजोबा झोपलेत पण जागे आहेत' हे वाक्य कुणालाही खटकत नाही. पाठ टेकणं म्हणजेही झोपणं आणि निद्रा लागणं म्हणजेही झोपणं. 'दहाला झोपतो' म्हणणाऱ्याने दिवा बंद केल्याची वेळ सांगितली की डोळा लागल्याची, हे त्यालाही विचारल्याशिवाय सांगता येणार नाही. तुमचं चलच या दोन अर्थांमधलं अंतर आहे, आणि भाषांतराने ते अंतर पुसून टाकलेलं असतं. नंतर क्रोनबाख अल्फा कितीही चांगला येवो.

उलट मराठीकडे इथे एक ठेवाही आहे. 'मी झोपलो' आणि 'मला झोप लागली', यातलं पहिलं आपण करतो, दुसरं आपल्याला होतं. 'झोप येते' हे पुन्हा तिसरंच. झोप खूप येते पण लागत नाही, ही तक्रार घराघरांत ऐकू येते. चांगली मराठी प्रश्नावली हे तीन प्रयोग वेगळे ठेवील. नुसतं इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून परत इंग्रजीत भाषांतर करून हा घोटाळा सापडत नाही, कारण 'झोपता' परत इंग्रजीत नेणारा माणूस संदर्भावरून बरोबर शब्द निवडतो आणि दोन्ही मजकूर छान जुळतात.

एपवर्थ स्केलचंही असंच. मरे जॉन्स यांनी मेलबर्नमध्ये १९९१ साली ती तयार केली. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागायची शक्यता शून्य ते तीन, दहाच्या वर गुण गेले की जास्त झोपाळू. एक प्रसंग कारमध्ये तासभर प्रवासी म्हणून बसल्याचा, एक रहदारीत कार थांबल्याचा. जो माणूस एसटीने, लोकलने किंवा दुचाकीने फिरतो त्याने कल्पना करून सांगावं, अशी सोय मूळ सूचनेतच आहे; पण कल्पनेतली डुलकी आणि पनवेलपर्यंत खांबाला टेकून उभ्याने काढलेली डुलकी यांना एकाच पट्टीने गुण द्यायचे का? आणि एक प्रसंग दुपारी संधी मिळाल्यावर आडवं होण्याचा. ज्या घरात जेवणानंतरची वामकुक्षी हा रिवाज आहे तिथे या प्रश्नाला तीनपैकी तीन गुण पडणारच. मघाशी ताटाची उपमा दिली होती. ताट समोर आलं की भूक नसतानाही सवयीने जेवणारे लोक असतात, आणि त्यांना उपाशी म्हणून मोजता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी झोपेवर सिनॉप्सिस लिहीत असाल तर पायलटच्या वेळी दहा लोकांकडून प्रश्नावली भरून घ्या आणि मग प्रत्येकाला तोंडी विचारा: 'तुम्ही दहा वाजता लिहिलंय, दहाला नक्की काय करता?' कुणी दिवा मालवतो. कुणी अंथरुणावर पडून फोन उघडतो आणि त्याच्या हिशेबी झोपायचा प्रयत्न साडेअकराला सुरू होतो. कुणाची आई दहाला दिवा मालवते म्हणून तो दहा लिहितो. दिवा आणि प्रयत्न एकाच वेळी सुरू होतात हे १९८९मध्ये गृहीत धरता येत होतं, आता नाही. यांपैकी कोणत्या क्षणी घड्याळ सुरू करायचं ते तुम्ही ठरवा, का ठरवलं ते साधनांच्या प्रकरणात दोन ओळींत लिहा, आणि 'वीस मिनिटांत झोप लागली नाही' किंवा 'सांगता येत नाही' असं उत्तर आलं तर तक्त्यात काय भरणार, तेही डेटा गोळा करायच्या आधीच लिहून ठेवा. व्हायवाला बाहेरचे परीक्षक विचारतील असं नाही. बहुतेक जण विचारत नाहीत.